दोर कोण सोडी?

"गळा देवाचा, गाणं ऐकणाऱ्याचं, आपली फक्त तहान."

रळियातबेनचं हे वाक्य ठरलेलं होतं. गाणं संपलं, लोकांनी वाहवा केली, कुणा वडीलधाऱ्यानं डोक्यावर हात ठेवला, की ती पदर खांद्यावर ओढून घ्यायची आणि एवढंच म्हणायची. आधी आधी ते मनातून यायचं. पुढे सवयीनं येऊ लागलं. वस्तीतली पोरं लाटणं तोंडापुढे धरून तिची नक्कल करायची आणि गाण्याआधी हेच वाक्य म्हणायची.

झवेरबेनच्या कानावर ते आलं की ती शिवणयंत्रावरचा पाय थांबवून म्हणायची, "तहान हिची. पाणी भरायला आम्ही."

झवेरला तसं बोलायचा हक्क होता. रळियातच्या गळ्यात पहिली गाणी घातली ती तिनंच.

दीववरचा पोर्तुगीज झेंडा उतरला, त्याच्या आदल्या वर्षी रळियात लग्न होऊन आफ्रिकेत, मोझांबिकमधल्या मार्किशला आली. काटकुळी, अबोल, सासूच्या सावलीलाही बिचकणारी. नवरा प्रेमजी गवंडीकाम करायचा. भिंतीला भिंत लागून झवेर आणि तिचा शिंपी नवरा कानजी राहायचे. झवेर वयानं बरीच मोठी. मूलबाळ नाही, जीभ धारदार, आवाज घोगरा, ओल धरलेल्या ढोलासारखा. पण दीवच्या बायांनी जेवढी म्हणून गाणी रचली तेवढी तिच्या पोटात होती. हळदीची वेगळी, मांडवाची वेगळी, वऱ्हाडाला शिव्या घालायची वेगळी, आणि पाठवणीची तर बोलायलाच नको.

एका दुपारी ती काजं करत गुणगुणत होती. एक ओळ म्हणून झाली आणि भिंतीपलीकडून तीच ओळ परत आली. पण अशी आली, की झवेरच्या हातातली सुई जागच्या जागी राहिली.

"कोण गं तिकडे?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"प्रेमजीची."

"प्रेमजीची असशील. हा गळा कुणाचा?"

पलीकडून हसू आलं. त्या दिवसापासून त्या दोघींची गाठ पडली ती पडली.

आपल्या बायांची गाण्याची रीत साधी. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती झेलायची. टाकणारी एक, झेलणाऱ्या पंचवीस. टाकणारीला दम लागला तर झेलणाऱ्या सांभाळून घेतात. झेलणाऱ्यांत एखादी बेसूर असली तरी चोवीसजणींत ती खपून जाते. ऐकणारं असं कुणी नसतंच. पुरुष बाहेर विड्या ओढत बसतात आणि बाया आपल्यासाठी आपणच गातात.

पाठवणीचं गाणं होडीचं. दीवच्या मुली पूर्वी होडीतूनच सासरी जायच्या. टाकणारी विचारते, "होडी लागली बंदराला, दोर कोण सोडी?" आणि झेलणाऱ्या घरातल्या एकेकाचं नाव घेऊन उत्तर देतात. दोर सोडी कानजीकाका, डोळे पुसत सोडी. दोर सोडी मोठा भाऊ, मान फिरवून सोडी. असं करत काका, मामा, आत्या, बाप, सगळे होतात. तरी होडी हलत नाही. एक गाठ राहिलेली असते, ती आईची. टाकणारी शेवटचं विचारते, "अजून होडी हलेना, दोर कोण सोडी?" आणि झेलणाऱ्या आईचं नाव घेतात. मग मुलीनं पाऊल उचलायचं. त्या वेळी आईनं तोंडाला पदर लावून गप्प उभं राहायचं. मुलीच्या लग्नात आई गात नाही. तिची गाठ बाकीच्या बायांनी सोडायची असते. आईनं आपल्या तोंडानं सोडली तर मुलीची माहेरची वाट बंद होते, असं सगळ्या मानतात. कुणी पारखून पाहिलेलं नाही, कारण कुठल्याच आईवर तशी वेळ आलेली नव्हती.

हे गाणं रळियात झवेरकडून शिकली. आणि हिंदी सिनेमाची शिकली ती मार्किशच्या थिएटरात. रविवारी सकाळी आपल्या लोकांसाठी एक खेळ लागायचा. रळियात एकदा ऐकायची आणि घरी येईपर्यंत गाणं तिचं झालेलं असायचं. शब्द चुकायचे. हिंदी तिला धड कळायची नाही. पण सूर असा लागायचा की प्रेमजी हातातला रोटला तसाच धरून बसायचा.

मग तो देशही सुटला. तिथं नवा झेंडा चढला आणि आपली माणसं बोचकी घेऊन लिस्बनला उतरली. विमानतळाच्या कुंपणाशेजारी एका जुन्या मळ्याच्या जमिनीवर फळ्या आणि पत्रे उभे करून त्यांनी वस्ती केली. तिला सगळे किंता म्हणत. पुरुष बांधकामावर गेले. बायांनी कचेऱ्या पुसल्या, शिवणं केली, जत्रांतून कपडे विकले. आणि पहिल्याच नवरात्रात चिखलावर वाळू टाकून गरबा झाला. डोक्यावरून विमान इतकं खाली यायचं की दिवा थरथरायचा. बायांनी त्यावरही तोड काढली. विमान आलं की हातातली ओळ लांबवून धरायची, ते गेलं की पुढची टाकायची. पुढे पुढे तर विमान आलं नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

तिथंच, त्या पत्र्याखाली, दर्शना जन्मली. रळियातला उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. नाळ झवेरनं कापली.

माईक आला तो किरीटबरोबर. वस्तीतला हा तरुण पोरगा इंग्लंडात, लेस्टरला नातेवाइकांकडे राहून आला होता. येताना विजेवर वाजणारी एक बाजाची पेटी, दोन भोंगे आणि आवाज घुमवणारं एक यंत्र घेऊन आला. वस्तीचे पुढारी ओधवजीभाई, त्यांच्या मुलाचं लग्न होतं. किरीटनं रळियातच्या हातात माईक दिला. तिनं पहिली ओळ टाकली. बायांनी नेहमीसारखी झेलली, आणि भोंग्यातून अशी शिट्टी वाजली की नवरदेव खुर्चीवरून उठला.

"काय मेलं मांजर चिरडलं काय?" झवेर म्हणाली.

"मावशी, तुम्ही सगळ्या गाताय ना, म्हणून होतंय," किरीट तारा चाचपत म्हणाला. "यंत्राला एकच आवाज लागतो."

"मग यंत्रालाच गायला सांग."

बाया हसल्या. रळियात हसली नाही. तिनं माईक पुन्हा तोंडाशी नेला. आपलाच आवाज मांडवाच्या टोकाला जाऊन परत येताना तिनं ऐकला होता. तो आवाज तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. बायांकडे वळून तिनं हात वर केला आणि म्हणाली, "बायांनो, तुम्ही आता नुसतं ऐका."

तिनं ते प्रेमानं म्हटलं होतं. दमलेल्या पाहुण्याला बसा म्हणावं तसं. बाया बसल्या. खुर्च्या होत्याच. कुणाला वाईटही वाटलं नाही. दिवसभर कचेऱ्या पुसून आलेल्या बायांना नुसतं ऐकायला मिळणं हे सुखच होतं. फक्त झवेर उभी राहिली. गाणं संपेपर्यंत उभी राहिली आणि मग लापशी न खाता घरी गेली.

त्यानंतर रळियातचे दिवस पालटले. लग्न ठरलं की मुहूर्ताआधी तिची तारीख घ्यायचे. लिस्बन झालं, पोर्तो झालं, मग अँटवर्पचे हिरेवाले, पॅरिस, लेस्टर. अर्ध्या कार्यक्रमात हिंदी सिनेमाची गाणी, अर्ध्यात गुजराती. हिरव्या साडीतला तिचा फोटो आपल्या वाणसामानाच्या दुकानांत तुरडाळीच्या पोत्यांवर चिकटवलेला असायचा. लेस्टरला एका गॅरेजात तिच्या कॅसेटी भरल्या. एका अंगाला हिंदी, दुसऱ्या अंगाला गुजराती. लग्नाच्या कॅसेटीत पाठवणीचं गाणंही घातलं. पण नावं कुणाची घालणार? कॅसेट तर सगळ्यांना विकायची. किरीटनं नावांची कडवी काढून टाकली आणि त्या जागी पेटी वाजवली. "दोर कोण सोडी" म्हणून झालं की टुणुणू टुणुणू. प्रश्न राहिला, उत्तराच्या जागी बाजा आला.

झवेरनं ती कॅसेट एकदाच ऐकली. दर्शनानं आणून लावली होती. रळियात दौऱ्यावर गेली की दर्शना झवेरकडेच असायची. तिथंच जेवायची, तिथंच झोपायची, झवेरच्या मांडीवर केस विंचरून घ्यायची.

"मावशी, आई कशी गाते?"

"चांगली गाते."

"तू पण गायचीस ना गं?"

"गायचे. आता खोकते."

पोरगी हसली. झवेरही हसली, पण तिनं गाणं काही शिकवलं नाही. दर्शनालाही नाही आणि कुणालाच नाही. पुढे आणखी दोन-तीन मुली आल्या होत्या. वही-पेन घेऊन आल्या, चहा करून देतो म्हणाल्या, मावशी, जुनी गाणी सांगा. झवेरनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. "दुकानात कॅसेट मिळते. ती घ्या. तिला खोकला येत नाही." त्या मुली पाठमोऱ्या जाताना तिला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची किंमत तिला पुष्कळ वर्षांनी कळली.

किंता पाडायचं ठरलं आणि वस्ती उठू लागली. कुणाला इथं घर मिळालं, कुणाला तिथं, उंच इमारतींत. कानजी गेला. झवेर तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत शिवणयंत्र घेऊन एकटी राहू लागली. रळियातचाही गळा थकला. वरचा सूर आता घासून यायचा. लंडनहून तरुण पोरांचे बँड येऊ लागले, बरोबर चमचमणाऱ्या कपड्यांतल्या नाचणाऱ्या मुली. ओधवजीभाईंनी एका नवरात्रात रळियातला आरतीपुरतं बोलावलं. ती गेली, आरती गायली आणि प्रसाद घेऊन घरी आली.

मग दर्शनाचं लग्न ठरलं. मुलगा लेस्टरचा, औषधांच्या दुकानात कामाला. दर्शना लग्न करून तिकडेच जाणार होती. आणि एका संध्याकाळी रळियात जिना चढून झवेरच्या दारात उभी राहिली. हातात थेपल्यांचा डबा.

"ये," झवेर म्हणाली. "मोठी माणसं जिने चढायला लागली."

"टोमणे मार. मारून घे सगळे. मग बोलते."

"सगळे मारायचे तर तुला इथंच मुक्काम करावा लागेल."

रळियात खाटेच्या कडेवर बसली. डबा मांडीवर फिरवत राहिली. मग म्हणाली, "झवेर, दर्शनाला कोण गाणार?"

"म्हणजे?"

"लग्नात. पाठवणीला. मला गायचं नाही, ते तुला माहीत आहे."

"कॅसेट लाव की. सगळं गाव लावतं."

"कॅसेटीत कोण आहे?"

कॅसेटीत आईच होती. आईनंच आपल्या मुलीची पाठवणी गायची, तीही बाजाच्या साथीवर, हे झवेरच्या ध्यानात तोवर आलंच नव्हतं.

"मी मघापासून मोजते आहे," रळियात म्हणाली, "होडीचं गाणं नावांसकट कुणाला येतं. देवकोर गेली. पुतळीमाँ गेल्या. जेठी मुलाकडे मोझांबिकला परतली. एक तू राहिलीस."

"मी टाकीन गं. झेलणार कोण?"

"बाया आहेत ना."

"बाया?" झवेरनं दिवा लावला. "त्या बायांना तू काय सांगितलं होतंस, आठवतं?"

रळियातनं मान खाली घातली. "मी नुसतं तेवढ्या दिवसापुरतं म्हटलं होतं."

"आणि त्या तेवढ्याच दिवसापुरत्या बसल्या. उठवायला मात्र कुणी गेलं नाही."

हे म्हणताना झवेरला आतून काहीतरी टोचलं. ते पाठमोरे जाणारे वही-पेन तिला दिसले. पण ते तिनं बोलून दाखवलं नाही. उलट आवाज चढवून म्हणाली, "उद्यापासून बोलाव सगळ्यांना इथं. दर्शना माझ्या मांडीवर वाढली आहे. तुझ्यासाठी नाही करत मी."

"माझ्यासाठी करू नकोस," रळियात म्हणाली आणि थेपल्यांचा डबा यंत्रावर ठेवून जिना उतरली.

तिनं खरंच घरोघर हिंडून बाया गोळा केल्या. ज्या बायांनी तिच्या कार्यक्रमांना पुढच्या खुर्च्या धरल्या होत्या, त्यांच्याच दारात ती, "दोन दिवस द्या गं," म्हणत उभी राहिली. सात-आठजणी आल्या. झवेरच्या खोलीत खाटेवर, जमिनीवर, यंत्राच्या पेटीवर मावतील तशा बसल्या. झवेरनं घसा खाकरून ओळ टाकली, "होडी लागली बंदराला, दोर कोण सोडी?"

बायांनी तोंडं उघडली आणि सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "टुणुणू टुणुणू."

मग मंछा नावाची एक जाडजूड बाई हसत सुटली, आणि तिच्या मागोमाग सगळ्याच हसल्या. झवेर हसली. दारात उभी असलेली रळियातही हसली, आणि हसता हसता तिनं तोंड भिंतीकडे केलं.

"अगं, नावं घ्यायची तिथं," झवेर म्हणाली. "काकाचं नाव, मामाचं नाव."

"कॅसेटीत नावं नाहीत, झवेरबेन," मंछा म्हणाली. "आम्हाला तसंच बसलंय. आमच्या मुलींना आम्ही तसंच पाठवलं."

"टुणुणू करून?"

"टुणुणू करून. नांदताहेत बिचाऱ्या."

दोन संध्याकाळी सराव झाला. पहिल्या दिवशी बाया सात-आठ होत्या, दुसऱ्या दिवशी पाच. पहाटे उठून कचेऱ्या पुसायला जाणाऱ्या बाया त्या. त्यांची मान मधेच पुढे पडायची. पुष्कळजणींना ओळी यायच्या, पण झेलायचं कधी ते कळायचं नाही. टाकणारीचा शेवटचा सूर हवेत असतानाच तो उचलायचा असतो. तो खाली पडला की मेला. त्या प्रत्येक वेळी पडू द्यायच्या आणि मग एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या. पुढे कुणीतरी सुरू करील, याची वाट बघायच्या. ऐकून ऐकून त्यांना वाट बघायचीच सवय लागली होती.

"जमेल," निघताना मंछा म्हणाली. "त्या दिवशी आपोआप जमतं."

लग्न देवळाशेजारच्या मोठ्या सभागृहात झालं. वरपक्षानं लेस्टरहून आपला बाजेवाला आणला होता. एक तरुण पोरगा, कानांवर हेडफोन चढवलेला. लापशी चांगली झाली होती, मोहनथाळ थोडा कोरडा. रळियात हिरव्या साडीत नव्हती. तिनं मरून रंगाची साधी रेशमी साडी नेसली होती आणि दिवसभर ती पाहुण्यांमागे धावत होती. कुणी म्हणालं, बेन, दोन ओळी होऊ द्या, तर ती हात जोडायची. आज मी गाणारी नाही, आज मी आई आहे, एवढंच म्हणायची.

पाठवणीच्या वेळी मोटार पायऱ्यांशी लागली. प्रेमजी दर्शनाचा हात धरून तिला बाहेर घेऊन आला. झवेरनं आत जाऊन त्या हेडफोनवाल्या पोराला यंत्र बंद करायला लावलं. बाया पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. किरीटही होता, केस पांढरे झालेला, कुणी न बोलावता तारा उचलू लागायला आलेला.

झवेरनं ओळ टाकली. आवाज घोगरा, मधे फाटलेला, पण दीवच्या खाडीवरचा. "होडी लागली बंदराला, दोर कोण सोडी?"

मंछानं तोंड उघडलं. बाकीच्यांनी मंछाकडे पाहिलं. मंछानं झवेरकडे पाहिलं. ओळ पायऱ्यांवर पडली.

झवेरनं पुन्हा टाकली. या वेळी दोघी-तिघींनी काहीतरी उचललं, एकीनं काकाचं नाव घेतलं, दुसरीनं मामाचं, तिसरीच्या तोंडून सवयीनं टुणुणू निघालं, आणि वरपक्षाची मुलं खदखदून हसली. त्या बिचाऱ्या बाया लाजून गप्प झाल्या. मग झवेरनं जे केलं ते तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं. तिनं ओळ टाकली आणि आपणच झेलली. दोर सोडी ओधवकाका. दोर सोडी लखमणमामा. दोर सोडी प्रेमजीबापू, पागोट्यानं डोळे पुसत सोडी. टाकायचा दमही तिचा, झेलायचा दमही तिचाच. प्रत्येक नावानंतर तिला खोकला येत होता. दर्शना खाली मान घालून रडत होती, आणि तिच्या सासरची माणसं घड्याळं बघत होती.

सगळी नावं संपली. एकच राहिलं. झवेरनं श्वास घेतला आणि शेवटची ओळ टाकली, "अजून होडी हलेना, दोर कोण सोडी?"

आता तिनं रळियातचं नाव घ्यायचं होतं. पण ओळ संपली आणि छातीत असा खोकला दाटून आला, की ती कठड्याला धरून वाकली. नाव ओठावर होतं, पण बाहेर काही निघेना. तिनं खोकत खोकतच हातानं बायांना खूण केली. घ्या गं, नाव घ्या. बाया नुसत्या बघत राहिल्या. एकीनं ओठ हलवले. सूर काही आला नाही.

आणि तेव्हा मागून आवाज आला. माईक नाही, बाजा नाही, घुमवणारं यंत्र नाही. वरचा सूर घासलेला. "दोर सोडी रळियात आई, सुटली गं, सुटली."

झवेरनं वर पाहिलं. रळियातनं तोंडावरचा पदर काढलेला होता. बायांच्या तोंडून हाय निघाली. मंछानं कपाळावर हात मारला. दर्शनानं चमकून आईकडे पाहिलं, क्षणभरच. मग सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती मोटारीत बसली.

पुढे लोक पुष्कळ बोलले. दर्शना दोन-तीन दिवाळ्यांना आली, मग मूल लहान म्हणून राहिली, मग नवऱ्याला रजा नाही म्हणून राहिली. लेस्टर काही जवळ नाही, येणंजाणं कुणाचंच होत नाही. पण बाया म्हणायच्या, आईनं आपल्या तोंडानं सोडलं ना. झवेर त्यांच्या अंगावर खेकसायची. तुम्ही गप्प राहिलात म्हणून सोडावं लागलं तिला, म्हणायची. आणि घरी आल्यावर एकटी बसून, आपण दारातून परत पाठवलेल्या त्या मुलींची तोंडं आठवत बसायची. त्यांतली एक त्या पायऱ्यांवर उभी होती. ओठ हलवले होते, ती तीच.

पण त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोटार वळणावरून गेली. बाया एकेक करून आत गेल्या. काहींची जेवणं राहिली होती. आत हेडफोनवाल्या पोरानं पुन्हा यंत्र सुरू केलं आणि खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या.

रळियात पायऱ्यांवर तशीच उभी होती. झवेर तिच्याजवळ गेली.

"अगं, माझा खोकला..." ती म्हणाली.

"तुझ्या खोकल्याचं काय गं," रळियात म्हणाली. "तू टाकलंस. कुणीतरी झेलायला नको?"

"पण तू कशाला? मंछानं घेतलं असतं. थोडी थांबली असतीस तर..."

"मी पुष्कळ थांबले, झवेर. मुलगी उन्हात उभी होती."

प्रेमजीनं आतून हाक मारली. पाहुणे जेवायला थांबले आहेत, घरधनीण कुठं गेली? रळियातनं ऐकलं आणि ऐकलं नाही. चपला हातात घेऊन ती पायऱ्या उतरली. साडीचा काठ धुळीत ओढत होता. ती सभागृहाच्या भिंतीच्या कडेकडेनं निघाली, दुकानांच्या बंद फळ्यांसमोरून, खाली मोठ्या रस्त्याकडे, जिथून बस मिळते तिकडे. बस आली आणि गेली. ती चढली नाही. रस्त्याच्या कडेनं चालत राहिली.

किरीट तारेचं वेटोळं खांद्यावर घेऊन दारात आला होता. "मावशी, कुठं चालल्या त्या? मोटार काढू का?"

"काढू नकोस," झवेर म्हणाली.

मग दोघं उभी राहून बघत राहिली, ती मरून साडी झाडांच्या रांगेपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत. झवेरला हाक मारायची होती. तोंडही उघडलं होतं तिनं.